खोप्याच्या आत

संजीवनीच्या मानेपाशी पोचल्यावर आईची बोटं थांबली.

मी केसांच्या आकड्यांची डबी मांडीवर घेऊन बसले होते, लांब आकडे एकीकडे, आखूड एकीकडे. आईचं बोलणं मधेच तुटलं तसं मी वर बघितलं. नवरी खुर्चीत असताना आई गप्प बसली, असं मी तोवर पाहिलं नव्हतं. नवरीला बोलतं ठेवायचं, म्हणजे ती मान आखडून बसत नाही आणि केस ओढले जात नाहीत, ही तिची पद्धत होती.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काय न्हाई. दार लाव."

"आक्काताई बाहेर बसल्यात की."

"बसू देत. वारं आत येतंय, लाव दार."

वैशाख होता आणि समोरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. मी दार लावलं.

आमचं दुकान गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागच्या बोळात होतं. एक खुर्ची, एक आरसा, भिंतीला टेकवलेला बाक. तेव्हा गावात आणखी दोन पार्लरं निघाली होती आणि तिथं कुरळ्या केसांच्या नवऱ्या मुलींना इस्त्री फिरवल्यासारखे केस सरळ करून मिळत. दोन-तीन महिन्यांनी त्याच मुली तुटलेले केस घेऊन आईकडे येत. आई सरळ करायची नाही. ती खोपा घालायची. जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमातल्या नट्यांचा असायचा तसा. कपाळावरून केस उचलून किंचित फुगवलेले, कानांवरून वळवून मागं नेलेले, आणि मागं उंचावर गोल, घट्ट खोपा, त्याच्या कडेनं अबोलीचा एकच पदर. तो ती कुरळ्या केसांवरच घालायची. म्हणायची, "सरळ केसाला बांधावं लागतंय. कुरळा केस बसवला की बसतो." ओल्या हातानं, कंगवा जवळजवळ न लावता, बोटांनीच ती बटा वेगळ्या करायची. ना ओढाताण, ना फवारे. आतला एक केस तुटत नसे आणि तीन-तीन दिवस खोपा हलत नसे.

ती स्वतःही बारा महिने तोच घालायची. तिचा खोपा तिच्या हातच्या सगळ्या खोप्यांपेक्षा उंच आणि भरदार. नवऱ्या आरशात तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, "काकू, तुमच्यासारखा पाहिजे." आई म्हणायची, "माझ्यासारखा नको गं. तुझ्या तोंडाला शोभंल तसा घालते."

मी तिला कधी मोकळ्या केसांत पाहिलं नव्हतं. ती न्हायची तेव्हा दाराला आतून कडी असायची. मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. जन्मल्यापासून जे बघत आलो त्याबद्दल माणूस प्रश्न विचारत नाही. एरवी मला प्रश्न विचारायची खोड होती. नुकताच बी.एस्सी.चा निकाल लागला होता, विषय रसायनशास्त्र.

दार लावून मी वळले तर आई खुर्चीच्या पुढं येऊन उभी होती. संजीवनी खाली बघत होती. बावीस-तेवीस वर्षांची, सावळी, अंगावर हळदीचा रंग अजून तसाच.

"कधीपासनं हाय?" आईनं हळू विचारलं.

"तापातनं उठल्यापासनं."

"किती दिवस झोपून होतीस?"

"महिनाभर. आई केसाला हात लावू देत न्हवती. ताप डोक्यात जातोय म्हणायची. उठून बसले तर हे असं झालेलं."

"कुणी बघितलंय?"

"कुणी न्हाई. वेणीतच ठेवली. आत्याला कळलं असतं तर..." तिनं बंद दाराकडे बघितलं. "तिच्या जावेला आली तवा आत्यानंच तिला देवीच्या डोंगरावर न्हेलं. हळद-कुंकू लावून, हलगी लावून. आता ती बाई मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन हिंडते."

मी मागं जाऊन केस बाजूला केले. मानेच्या खळगीत, मधल्या बोटाएवढा लांब आणि तेवढाच जाड, केसांचा घट्ट वळ होता. कडेनं मऊ, मधे टणक.

आमच्याकडे त्याला जट म्हणतात. ती देवीनं दिलेली असते, देवी त्या बाईला मागते, असं मानतात. जट आली की कापायची नाही, विंचरायची नाही, हातसुद्धा लावायचा नाही. पूजा करायची. पुढं त्या बाईनं संसार करायचा नसतो. परडी म्हणजे देवीची टोपली. ती घेऊन दारोदार जोगवा मागायचा असतो.

"हा नुसता गुंता आहे," मी म्हणाले. "इथून कापला तर वरच्या केसांत दिसणारही नाही." मी ट्रेमधली कात्री उचलली.

"खाली ठेव ती."

आईनं आवाज चढवला नव्हता. पण मी कात्री ठेवली.

"आई, तुझा ह्याच्यावर विश्वास आहे?"

"विश्वासाचं कोण बोलतंय? भ्या वाटतंय म्हण. लगीन लागायच्या सकाळी मी हिला कात्री लावली, आणि उद्या हिच्या सासऱ्याला काय झालं, दिराची गाडी घसरली, तर कुणाच्या डोक्यावर जाईल ते? तुझ्या न्हाई जायचं. हिच्या जाईल. आणि ही स्वतः पण तेच म्हणंल. जन्मभर."

संजीवनी म्हणाली, "काकू, मला परडी घ्यायची न्हाई."

बाहेरून दारावर आत्याची थाप पडली. "मालन, झालं का गं? का केस उगवून मग बांधणार हैस?"

"होतंय आक्काताई," आईनं नेहमीच्या सुरात उत्तर दिलं. "कुरळं केस हायत, घाई केली तर तुमच्याच भाचीच्या डोळ्यांत पाणी यायचं. तवर च्या मागवा की. समोरचा चांगला करतोय."

"तुझ्या नावावर मागवते."

"मागवा."

आक्काताईंची पावलं पायऱ्या उतरून गेलेली ऐकू आली. आई तशीच उभी राहिली. मग तिनं हात वर नेले आणि स्वतःच्या खोप्यातले आकडे काढायला सुरुवात केली.

मी बघत राहिले. एकेक आकडा ती ट्रेमध्ये ठेवत होती. जाळी निघाली. वरचे केस सैल होऊन खांद्यावर आले. माझ्यासारखेच कुरळे, मधे पांढरे. आणि त्यांच्या आतून दुसरं काही तरी उलगडून खाली आलं. मनगटाएवढं जाड, तपकिरी, गुंडाळी करून ठेवलेल्या सुंभाच्या दोरासारखं. ते तिच्या कमरेखाली पोचलं. हळदीचा आणि कापराचा वास सुटला. तो वास मला ओळखीचा होता. आईचाच वास म्हणून मी तो ओळखत होते.

सगळं गाव ज्या खोप्याच्या उंचीचं कौतुक करायचं, तो ह्याच्याभोवती रचलेला होता.

"बघ," आई संजीवनीला म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. "हिच्या वयाची हाय. हिच्या बाळंतपणात दोन महिने अंथरुणात होते. उठले तवा तुझ्यासारखीच, बोटाएवढी. माझ्या लहानपणी मावशीला आली होती. ती जोगवा मागत हिंडायची. आमच्या दारातबी यायची. माझी आई, तिची सख्खी बहीण, उंबऱ्याच्या आतनं तिला पीठ वाढायची. आत ये म्हणायची न्हाई. मी बघितलंय ते. म्हणून ठरवलं, कापायची छाती न्हाई, पण दिसू द्यायची न्हाई."

"घरात कुणाला..."

"हिच्या बापाला ठाऊक होतं. जाईपर्यंत त्यानं तोंड उघडलं न्हाई. सासू आंधळी होती, बरं झालं."

संजीवनीनं हात पुढं करून त्या जटेला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"जड हाय?" तिनं विचारलं.

"मान दुखते रात्री. उशी दुमडून घेते." आईनं ती पुन्हा गुंडाळायला घेतली. तिला आरसा लागत नव्हता. "सवय होते. हात बसतो. संसार झाला माझा. तुझाबी होईल."

मी ट्रेमधले आकडे एकेक करून तिच्या हातात दिले.

आपला खोपा बसवून झाल्यावर आईनं संजीवनीचा घातला. पुढचे केस उचलले, कानांवरून वळवले. मागचा तो बोटाएवढा वळ तिनं वर दुमडून मधोमध घेतला आणि त्याच्याभोवती बटा एकेक करून अशा फिरवल्या की तोच खोप्याचा गाभा झाला. आकडे आडवे-उभे एकमेकांत अडकवले. शेवटी अबोली. संजीवनीनं आरशात मान फिरवून बघितलं. ती सुंदर दिसत होती आणि तिला ते बघून रडू येत होतं. आईनं पदरानं तिच्या डोळ्यांच्या कडा टिपल्या, काजळ न फिसकटता.

"परवा पूजा. त्या सकाळी सासरच्या बायका न्हाऊ घालतील, हळद उतरवतील," आई म्हणाली. "तोवर हा टिकतोय. पण न्हाणाला कुणी तरी तुझं माणूस पाहिजे." मग माझ्याकडे वळून, "तू जायचंस."

"मी? कोण म्हणून?"

"पाठराखीण म्हणून."

नवरीबरोबर सासरी पाठवायची सोबतीण म्हणजे पाठराखीण. बहुतेक घरातलीच कुणी बहीण असते. आईनं दार उघडून आक्काताईंना सांगितलं की हा खोपा दुसऱ्याच्या हातानं परत बसायचा नाही आणि पूजेच्या फोटोत मुलीचं डोकं झिपरं दिसलं तर नाव मालनचं जाईल. आक्काताईंनी बशीतला चहा फुंकत मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कॉलेज शिकलेली ना ही? आमच्यात पाटा-वरवंटा उचलावा लागतोय पाठराखिणीला."

"उचलते," मी म्हणाले.

"मग चल. आमची कमळी जायची होती, पण परीक्षा हाय म्हणून ती कुरकुरतच होती."

निघताना आईनं मला आत बोलावलं. पिशवीत आकडे, जाळी, खोबरेल तेलाची बाटली घातली.

"न्हाणाच्या आधी तू सोडायचा. त्यांना म्हण, मीच डोकं धुते. मागचं ते सोडून बाकीचं भिजव, वाळव, आणि परत बसव. कात्री लावणार न्हाईस. शपथ घे माझी."

"नाही लावणार."

"शपथ घे."

मी घेतली.

संजीवनीचं सासर हिरण्यकेशीच्या पलीकडच्या एका खेड्यात होतं. वऱ्हाड दिवस मावळायच्या आधी पोचलं. ओवाळणं, माप ओलांडणं, नाव घेणं सगळं झालं. सासूचं नाव इंदूबाई. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलताना समोरच्याच्या दंडाला धरायची सवय. त्यांनी संजीवनीची हनुवटी धरून तिचं डोकं इकडं-तिकडं फिरवलं.

"कुणी घातला गं खोपा?"

"हिच्या आईनं," संजीवनी म्हणाली.

"झ्याक हाय. परवा सोडताना जिवावर यायचं माझ्या." मग माझा दंड धरून, "तू काय शिकलीस?"

"बी.एस्सी. झाले. रसायनशास्त्र."

"आणि केस बांधत हिंडतीस?" मागं बसलेल्या बायका हसल्या. "बरं, परवा नवरीचं डोकं मी चोळणार बघ. थोरल्या सुनेचं मीच चोळलं होतं. शिकेकाई कांडून ठेवलीया. आमच्यात सासूनंच न्हाऊ घालायचं असतंय, मग ती पोर घरची होते."

संजीवनीनं माझा हात पकडला.

मी म्हणाले, "केस कुरळे आहेत मावशी. गुंततात. मी धुतले तर—"

"कुरळं असले म्हणून काय साप हायत? धुते मी."

म्हणजे आईची युक्ती चालणार नव्हती. परवा सकाळी इंदूबाईंची बोटं त्या मानेच्या खळगीत जाणार होती.

दुसऱ्या दिवशी न्याहारी आटोपल्यावर घरातल्या बायका नैवेद्य घेऊन शिवारातल्या देवाला गेल्या. नवरीला उन्हात न्यायचं नाही म्हणून आम्हा दोघींना माजघराशेजारच्या खोलीत ठेवलं. पुरुष मांडवात. मी खिडकीपाशी चटई टाकली आणि संजीवनीला पाठमोरी बसवून खोपा सोडला.

खरं सांगायचं तर तोवर माझ्याजवळ काही बेत नव्हता. फक्त बघावं असं वाटत होतं. आदल्या दिवशी दुकानात मी घाईत बघितलं होतं. आता खिडकीतून स्वच्छ ऊन पडलं होतं. मी तो वळ तळहातावर घेतला आणि त्याच्या टोकाला सुटा दिसणारा एक केस चिमटीत धरून ओढला. तो अलगद, सगळाच्या सगळा बाहेर आला. संजीवनीला कळलंही नाही.

"दुखलं?"

"न्हाई. काय केलंस?"

केसाच्या एका टोकाला पांढरा ठिपका होता. मूळ. म्हणजे हा केस मी उपटला नव्हता. तो आधीच गळालेला होता. डोक्यावरून केव्हाच सुटला होता, पण बाहेर पडायला वाट न मिळाल्यानं बाकीच्यांत अडकून राहिला होता. मी दुसरा ओढला. तोही तसाच. तिसरा आला नाही, तो जिवंत होता. मी तो सोडून चौथा धरला.

सरळ केस गळला की घसरून खाली पडतो. कुरळा पडत नाही, शेजारच्यांना मिठी मारून बसतो. विंचरलं, निदान बोटं फिरवली, तर निघतो. संजीवनीच्या डोक्याला महिनाभर कुणी हात लावला नव्हता. आणि तापात केस गळतातही जास्त. त्या वळात बहुतेक गळालेल्या केसांनीच जिवंत केसांना बांधून ठेवलं होतं.

मी तेलाची बाटली उघडली.

"काय करतीस? काकूंनी सांगितलंय हात लावायचा न्हाई."

"कात्री लावायची नाही असं सांगितलंय. मी कात्री लावत नाही."

"देवी कोपली तर?"

"मी काही कापत नाही, तोडत नाही. जे गळालंय तेवढं काढतेय. तुझं आहे ते तुझ्याच डोक्यावर राहणार."

संजीवनीनं मान खाली केली.

तेल जिरू दिलं. मग टोकाकडून सुरुवात केली. कंगव्याच्या शेपटीनं एक-एक धागा मोकळा करायचा, गळालेला काढून चटईवर ठेवायचा, जिवंत असेल तो बाजूला घ्यायचा. टोक सैल झालं. मग मधला टणक भाग. तिथं मात्र मला वाटलं की जमणार नाही. पुन्हा तेल, पुन्हा वाट बघायची. संजीवनी बोलत होती. तिच्या नवऱ्याचं वर्कशॉप आहे, तो तिच्याशी फोनवर फक्त जेवलीस का एवढंच विचारतो, आणि तिला ते आवडतं. चटईवर केसांचा ढीग वाढत होता.

शेवटचा बोटाच्या पेराएवढा भाग उरला असताना दार वाजलं.

"कडी कशाला लावलीया?" इंदूबाई.

बायका परतल्या होत्या. संजीवनीनं चटकन पदर डोक्यावर ओढला. मी तो खाली केला. पदर दिसला असता तर खाली काय आहे हेच त्यांनी आधी बघितलं असतं. मी ढिगातले निम्मे केस मुठीत धरले आणि कडी काढली.

इंदूबाई आत आल्या. तेलानं निथळणारं सुनेचं डोकं, पाठभर पसरलेले केस, माझे कोपरापर्यंत तेलकट हात हे सगळं त्यांनी बघितलं.

"खोपा सोडलास? आजच?"

"आकडे रुतत होते तिला. म्हटलं उद्या तुम्ही शिकेकाई लावणार, तर आधी तेल मुरू दे."

"आणि मुठीत काय?"

मी मूठ उघडली. त्यांनी तो गोळा चिमटीत उचलला, उजेडात धरला.

"एवढं गळालं?"

"तापानं," संजीवनी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की मलाच जेमतेम ऐकू आला.

इंदूबाई तिच्या मागं जाऊन बसल्या. त्यांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बोटं मागं, मानेकडे नेली. मानेशी त्यांची बोटं अडली.

"हितं गुंता हाय की गं," त्या म्हणाल्या. "पोरी, एवढं तेल ओतलंस आणि हा ठेवलास व्हय?" आणि जे उरलं होतं ते त्यांनी स्वतःच, कुरकुरत, नखांनी सोडवायला घेतलं.

त्यांना ते काय आहे हे कळलं नाही. कळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी शेवटचे चार केस काढून ढिगावर टाकले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "चला, पानं वाढल्यात."

संजीवनी रडली नाही. जेवताना तिनं दोनदा भात मागून घेतला. इंदूबाई कौतुकानं थोरलीला म्हणाल्या, "बघ, लाजत न्हाई. खाणाऱ्या माणसाचं बरं असतंय."

दुसऱ्या दिवशी न्हाण झालं, पूजा झाली, मी तिचा खोपा पुन्हा बसवला. आता त्याला गाभा नव्हता, म्हणून तो थोडा लहान झाला. दुपारच्या एस.टी.नं मी गडहिंग्लजला आले आणि स्टँडवरून घरी न जाता थेट दुकानात गेले. वाटेत मी काय-काय सांगायचं ते मनात जुळवत होते. काही तरी शोधून काढलंय, असं वाटत होतं मला.

आई गॅसवर चहा ठेवत होती.

"काय झालं? कळलं त्यांना?"

"सुटली," मी म्हणाले.

"काय सुटली?"

"जट. पूर्ण सुटली. कात्री न लावता."

मी सगळं सांगितलं. गळालेले केस, मूळ, तेल, टोकाकडून सुरुवात. इंदूबाईंनी शेवटचं स्वतःच सोडवलं हे सांगताना मी हसले. रुमालात बांधून आणलेला केसांचा पुंजका मी तिच्यापुढं ठेवला. तिनं त्याला हात लावला नाही. चहा उतू जायला आला होता. तिनं गॅस बंद केला.

"किती वेळ लागला?"

"जेवायच्या आधी झालं."

"जेवायच्या आधी," ती म्हणाली.

माझं हसू तेव्हा थांबलं.

तिनं उठून दुकानाचं दार आतून लावलं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. आकडे काढले, जाळी काढली, आणि ते सगळं पाठीवर सोडलं.

"बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. अर्धी बाटली तेल लावलं. तेल वरच्यावर राहिलं, आत जाईना. टोक शोधलं, ते टोक नव्हतंच, सगळं एकजीव झालं होतं, लाकडासारखं. कंगव्याची शेपटी आत शिरेना. मुळाशी मात्र केस जिवंत होते. पातळ, ताणलेले. एवढं वजन उचलून तिथली कातडी लाल झाली होती. दिवेलागण होईपर्यंत मी धडपडत होते. एकही केस निघाला नाही.

"राहू दे," आई म्हणाली.

"मुळापासून कापली तर—"

"राहू दे म्हटलं."

मी हात पुसले. आरशात आम्ही दोघी दिसत होतो आणि ती आरशातल्या माझ्याकडे बघत होती.

"माझीबी बोटाएवढीच होती. तवा कुणी तरी तेल घेऊन बसलं असतं, तर सुटली असती व्हय गं?"

मी लगेच उत्तर दिलं. थांबले असते तर देता आलं नसतं.

"नाही. तुझी वेगळी होती."

"वेगळी कशी?"

"संजीवनीची तापातली. तुझी बाळंतपणातली. बाळंतपणात केसातलं गंधक बदलतं. केस आतून एकमेकांना जोडले जातात. ते तेलानं सुटत नाहीत."

"असं पुस्तकात हाय?"

"आहे."

"तुमच्या कॉलेजच्या?"

"हो."

"मग बरं," ती म्हणाली. "पुस्तकात आमच्यासारखीचंबी असतंय म्हणायचं." आणि तिनं ती जट उचलून गुंडाळायला घेतली.

त्यानंतर मी नोकरीसाठी कोल्हापूरला गेले, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. पण लग्नसराईत रविवारी दुकानात यायचे. संजीवनीनं कुणाला काय सांगितलं माहीत नाही. वर्षातून दोन-तीन तरी मुली येऊ लागल्या, डोक्यावर घट्ट पदर घेतलेल्या, बरोबर घाबरलेली आई किंवा बहीण. माझी आई त्यांच्या मानेवरून एकदा हात फिरवायची, "कस्तुरी, ये," म्हणून मला बोलवायची आणि दार ओढून घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसायची. मी सोडवताना ती कधी आत थांबली नाही. झालं की यायची, हात धुवायची आणि मुलीला खोपा घालून द्यायची.

असाच एक दिवस. मी आत तेलाचे हात घेऊन बसले होते. बाहेर मुलीची आई रडत होती. मधे नुसतं पातळ दार, सगळं ऐकू येत होतं.

"मालनकाकू, जटच हाय ना ओ ती? खरं सांगा. देवीचं काय करावं लागंल?"

"काय करावं लागत न्हाई," आई म्हणाली. "जट न्हाई ती. गुंता हाय नुसता. बोटाएवढा असला की जेवायच्या आधी सुटतोय. कुणाचाबी."